इलॅस्टिकच्या सात चड्ड्या

मैसूरातल्या चामुंडीपुरमच्या मालतीबाईंच्या घरात इलॅस्टिकला बंदी होती. आता घर शिंप्याचं. नवरा निवृत्तीराव देवराज अरसु रस्त्याच्या मागच्या गल्लीत दुकान चालवणारे, दर उन्हाळ्यात शाळांच्या शेकड्यांनी चड्ड्या शिवणारे, आणि त्या झाडून सगळ्या इलॅस्टिकच्या. पण ते धंद्यापुरतं. घरच्या लेकरांच्या अंगाला इलॅस्टिक लागता कामा नये, हा मालतीबाईंच्या सासऱ्यांचा दंडक. "इलॅस्टिक म्हणजे शिंप्याचा आळस," असं म्हातारा म्हणायचा, आणि पोटावर उठलेले वळ दाखवायला शेजारपाजारची पोरं धरून आणायचा. म्हातारा जाऊन वीस वर्षं झाली, दंडक तेवढा मागे राहिला, आणि तो पाळायला मालतीबाई खंबीर होत्या. मुलगा शरत नाडीच्या चड्डीत वाढला. आता शरतची मुलगी स्पृहाही तशीच वाढत होती. मऊ सुती कापड, बारीक दुमड, पांढरी नाडी, आणि पुढे एक ओढलं की सुटणारी सुरगाठ.

स्पृहाला घरात सगळे पुट्टी म्हणत. वय दोन वर्षं सात महिने. अंगाने बरी, पळायला चपळ, दात सगळे आलेले, पण तोंडातून शब्द म्हणून नाही. 'अँ' एवढं एकच. पाणी हवं तरी अँ, भूक लागली तरी अँ, रस्त्यावर गाय आली तरी अँ. आणि खरं सांगायचं तर तेवढंही तिला घशातून काढावं लागत नसे. पोरीने मान डावीकडे वळवली की मालतीबाईंना कळायचं, पाणी. ओठ पुढे आला की केळं. एका पायावर उभी राहिली की चला न्हाणीत. शिवणयंत्रावर गिऱ्हाइकाचा ब्लाऊज अर्धा टाकून त्या उठत, पोरीला काखोटीला मारत, नाडी सोडत, बसवत, धुवत, पुसत, पुन्हा नाडी बांधत. दुधापेक्षा सायीला जपावं म्हणतात. मालतीबाईंनी सायीला वाराही लागू दिला नव्हता.

सून भाग्या सकाळी सातच्या कंपनीच्या बसने कडकोळला जायची. तिथल्या एका कारखान्यात ती क्वालिटीत होती. गेल्या महिन्यात तिला स्वतःचं सेक्शन दिलं होतं, हाताखाली अकरा मुली. मालतीबाई ही गोष्ट ब्लाऊज शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत, माप घेता घेता, म्हणजे गिऱ्हाईक हलू शकत नाही. सुनेचा त्यांना अभिमान होता. आणि सुनेचं काम चालू आहे म्हणून नात दिवसभर आपल्याकडे आहे, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पोर बोलत नाही म्हणून शेवटी भाग्या आणि शरत तिला वाचा-श्रवणवाल्यांकडे घेऊन गेले. मालतीबाई अर्थातच बरोबर गेल्या, पोर त्यांच्या मांडीवरून उतरतच नव्हती. कान तपासले, उत्तम निघाले. तिथल्या एका तरुण बाईंनी कन्नडमध्ये बरंच काही विचारलं, आणि मग मालतीबाईंना म्हणाल्या, "अज्जी, ही तुम्हाला काय म्हणून हाक मारते?"

"हाक कशाला मारेल?" मालतीबाई ऐटीत म्हणाल्या. "मी तिथेच असते की!"

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मालतीबाईंना ते लिहिणं आवडलं नाही.

पोरीला पोरांत घाला, असं त्या बाईंचं म्हणणं पडलं. चार मुलं दिसली, चार माणसं भेटली, मागावं लागलं, की बोलेल. आणि भाग्याने त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतलं प्लेहोम बघून ठेवलं. मैसूरात पोरांना सांभाळणाऱ्या जागेला प्लेहोमच म्हणतात. एक जुना बंगला, पुढे वाळू, मागे ओसरी, वीस-बावीस पोरं.

घरात जे व्हायचं ते झालं. मालतीबाईंनी दोन वेळा जेवण टाळलं, एकदा दाराआड जाऊन डोळे पुसले, आणि तेही अशा बेताने की शरतला दिसावं. "शरत तरी कुठे बोलत होता तिसऱ्या वर्षापर्यंत? आता थांबतो का?" त्या म्हणाल्या. "माझ्या हाताखाली काय कमी पडलं पोरीला? परक्यांच्या घरी कशाला पाठवायची?"

"कमी काही पडलं नाही, अत्ते," भाग्या म्हणाली. इकडच्या घरांत सासूला अत्तेच म्हणतात. "कमीच पडू दिलं नाहीत तुम्ही."

हे कौतुक की टोमणा, ते मालतीबाईंना कळलं नाही. त्यांनी अट घातली, पंधरा दिवस. सोमवारपासून पंधरा दिवसांत पोर रुळली तर ठीक, नाहीतर घरी.

भाग्या म्हणाली, "बरं. पण नाही रुळली, तर मी काम सोडते. घरी बसते. वाचा-श्रवणवाल्यांकडे रोज नेते, मीच बघते तिच्याकडे."

शरतने मान खाली घातली. मालतीबाईंनी मनात म्हटलं, बोलायचं म्हणून बोलते. अकरा मुली हाताखाली असलेली बाई कुठे काम सोडते? आणि त्या मनातल्या मनात मांडे खाऊ लागल्या. पंधरा दिवस पोर रडेल, सोळाव्या दिवशी आपल्या मांडीवर.

प्लेहोमच्या वरलक्ष्मी मिसनी पहिल्याच दिवशी एक कागद दिला. पाण्याची बाटली, टॉवेल, कपड्यांचे दोन जोड, आणि चड्ड्या इलॅस्टिकच्या, पोराला स्वतः खाली-वर करता येतील अशा. अडीच वर्षांच्या पुढच्या पोरांना तिथे डायपर चालत नसे. पंधरा दिवसांत पोर स्वतः शीशूला जायला लागली, निदान सांगायला लागली, की तिला कायमची घ्यायची, असा त्यांचा नियम. मालतीबाईंनी कागद वाचला, घडी केली आणि मशिनच्या ड्रॉवरमध्ये टाकला. इलॅस्टिक! सासऱ्यांचा, आप्पांचा, आत्मा तळमळेल. सोमवारी सकाळी त्यांनी पुट्टीला नवी नाडीची चड्डी घातली, छान सुरगाठ मारली, आणि तिला कडेवर घेऊन निघाल्या.

पोर रडली. चांगली रडली, सगळी गल्ली गोळा व्हावी अशी. मालतीबाई फाटकातून बाहेर आल्या तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते, पण आत कुठेतरी बरंही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मग त्या घरी गेल्या नाहीत. बंगल्याच्या बाजूला बोळ होता, तिथे भिंतीपलीकडे नुग्गेचं म्हणजे शेवग्याचं झाड, आणि झाडापाशी भिंतीच्या दोन विटा पडलेल्या. त्या फटीतून मागची ओसरी दिसे. मालतीबाई पिशवीत हुक लावायचा ब्लाऊज घेऊन तिथे उभ्या राहिल्या. आपल्याला कोणी बघत नाही असं त्यांना वाटत होतं. प्लेहोमच्या आया भवानीबाई यांनी त्यांना पहिल्या पाच मिनिटांत बघितलं होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. अशा आज्या त्यांनी पुष्कळ बघितल्या होत्या.

फटीतून दिसलं ते असं. पुट्टी पाऊण तास रडली. मग थकली. मग अन्विता नावाच्या एका टपोऱ्या मुलीने तिच्यासमोर वाळूची बादली आणून आपटली, आणि पुट्टी रडायचं विसरली. रडणं आठवल्यावर पुन्हा रडली, पण आता त्यात जोर नव्हता. अकरा वाजता ओसरीवर रंगीत प्लास्टिकची सहा भांडी ओळीने मांडली गेली. पोरं आपापल्या चड्ड्या खाली करून बसली. झालं की मोठ्याने ओरडायचं, "आय्तु!" झालं. मग मिस टाळ्या वाजवत आणि भवानीबाई धुवायला येत. पुट्टी कोपऱ्यात एका पायावर उभी. त्या एका पायाचा अर्थ तिथे कोणालाच ठाऊक नव्हता. व्हायचं ते झालं.

"बघितलंत?" साडेबाराला पोर घ्यायला गेल्यावर मालतीबाई म्हणाल्या. "हिला कळतं सगळं. एका पायावर उभी राहते. तेवढं बघायचं फक्त."

वरलक्ष्मी मिस हसल्या. वयाने तिशीच्या, पण पोरांशी आणि आज्यांशी एकाच शांत आवाजात बोलणाऱ्या. "अज्जी, घरी तुम्ही तिचं सगळं ओळखता. इथे आम्ही ओळखत नाही, म्हणून तिला सांगावं लागेल. दुसरं काही आम्ही करत नाही हो. आणि तेवढं इलॅस्टिकचं बघा."

"बघते," मालतीबाई म्हणाल्या, आणि दुपारी अजून दोन नाडीच्या शिवल्या.

पण पोर रुळू लागली, त्याला काय करणार? मंगळवारी अर्धा तास रडली, बुधवारी दहा मिनिटं. बुधवारी घरी आल्यावर तिने आपल्या चपला काढून भिंतीशी जोडीने ठेवल्या. मग आजोबांच्या ठेवल्या, मग दाराबाहेर काढलेल्या दूधवाल्याच्या चपलाही आत आणून ठेवल्या. दूधवाला वरुणा गावचा, बिचारा अनवाणी शोधत उभा. निवृत्तीराव पोट धरून हसले. मालतीबाईंनी तोंड वाकडं केलं, "मोलकरीण करून सोडतायत पोरीला." गुरुवारी त्या मोसरन्न, म्हणजे दहीभात, भरवायला बसल्या तर पोरीने त्यांचा हात बाजूला सारला आणि ताटलीत पाचही बोटं घातली. निम्मा भात फ्रॉकवर, पण निम्मा तोंडात. भाग्या दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मालतीबाईंना मुळीच बघवला नाही. हात रिकामा घेऊन बसायची त्यांना सवय नव्हती.

शुक्रवारी भवानीबाई फाटकातच भेटल्या. त्या मराठीच, मराठा घरातल्या, गळा मोकळा. "मालतीबाई, आज गंमत झाली! पोरीने स्वतः नाडी ओढली की हो. दोन वेळा चुकलं, तिसऱ्यांदा सरकन सुटली. बसली भांड्यावर. आणि अन्विताकडे बघून काय हसली म्हणता!"

"हो का?" मालतीबाई म्हणाल्या.

"मी मिसना म्हटलं, इलॅस्टिक नसलं तरी चालेल हिला, पोर हुशार आहे. आता दहा दिवसांत काय सुम्ने रुळेल!"

सुम्ने म्हणजे सहज, आपोआप. मालतीबाई पोरीला घेऊन घरी आल्या. शनिवार-रविवार प्लेहोमला सुट्टी. दोन दिवस त्यांनी पोरीला खाली ठेवलं नाही.

आणि सोमवारी सकाळी, भाग्याची बस गेल्यावर, पुट्टीला चड्डी घालताना मालतीबाईंनी सुरगाठ मारली, मग ती सोडली, आणि निरगाठ मारली. दोन वेढ्यांची, ओढावी तितकी घट्ट होणारी. हात चाळीस वर्षांचा शिंप्याचा, गाठ कशी बसली ते त्याला बघावं लागत नाही. मनाशी त्या म्हणाल्या, खेळताना सुटली आणि चड्डी घसरली तर पोरीची शोभा होईल. कारण छान होतं. त्यावर त्यांचा स्वतःचा तरी विश्वास बसला का? नाही. पण माणूस कारणाला धरून चालतं.

सोमवारी पोर ओली झाली. मंगळवारी झाली. बुधवारी भवानीबाईंनी गाठ दाताने सोडवली. "अय्यो, काय गाठ आहे ही! बैलाला बांधतात तशी." मालतीबाई म्हणाल्या, "पोरगी ओढते हो, ओढून ओढून घट्ट करते." हे खोटंही नव्हतं. त्या आठवड्यात त्या फटीपाशी उभ्या राहायला गेल्या नाहीत. शिवणाचं काम पडलं आहे, असं त्यांनी घरात सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी.

मिसनी भाग्याला फोन केला. पोर गोड आहे, खेळते, जेवते, पण शीशूचं मागे गेलं आहे. मागच्या शुक्रवारी जमलं होतं, आता जमत नाही, का ते कळत नाही. कदाचित तयार नसेल. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

गुरुवारी संध्याकाळी भाग्या कंपनीतून आली, चहा न घेता टेबलाशी बसली आणि एक कागद लिहून काढला. शरत शेजारी उभा होता. मालतीबाई मशिनवरून बघत होत्या.

"काय लिहितेस गं?"

"काम सोडायचं पत्र," भाग्या म्हणाली. "सोमवारी देते. पंधरा दिवस झाले की तेव्हा."

"अगं, पण... एवढी घाई?"

"ठरलं होतं, अल्वा? ठरलं होतं ना?" आवाज चढला नव्हता. "तिच्याजवळ कोणीतरी नीट बसायला पाहिजे. माझीच पोरगी आहे. मीच बसते."

मालतीबाईंच्या हातातला ब्लाऊज खाली पडला. मांडे पानात पडायची वेळ आली, तर पान दुसऱ्याच्या पुढे. पण खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांना नातीची आठवण झाली नाही. त्यांना आठवली ती सेक्शन मिळाल्याच्या दिवशीची भाग्या. पेढ्यांचा पुडा घेऊन पहिल्यांदा सासूपुढे उभी राहिली होती आणि पाया पडायला वाकली होती. त्यांना भीती वाटली. सगळं सांगून टाकावं असं वाटलं, पण त्यांनी वाकून ब्लाऊज तेवढा उचलला. पुट्टी समोर बसून चपलांची जोडी लावत होती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पुन्हा निरगाठच मारली. का, हे विचारू नये. चार दिवस जे हात करत आले तेच त्यांनी केलं. पण पोरीला आत सोडून त्या घरी जाऊ शकल्या नाहीत. बोळात शिरल्या, शेवग्यापाशी गेल्या, आणि फटीला डोळा लावला.

अकरा वाजले. सहा भांडी मांडली गेली. पोरं बसली, उठली, "आय्तु! आय्तु!" पुट्टी ओळीत उभी होती. एका पायावर नव्हती, हे मालतीबाईंनी आधी बघितलं. दोन्ही पायांवर, इतर पोरांसारखी. तिचा नंबर आला. तिने फ्रॉक वर केला, हनुवटीखाली धरला, आणि नाडीचं टोक ओढलं. तेच टोक, जे त्या शुक्रवारी ओढल्यावर सुटलं होतं. सुटलं नाही. तिने दुसरं ओढलं. मग दोन्ही. मग मान खाली घालून गाठीकडे बघत राहिली, आणि पुन्हा पहिलं ओढलं. चिडली नाही, रडली नाही, अँ केलं नाही. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटणारं माणूस जसं पुन्हा पहिल्यापासून करतं, तसं पुन्हा पहिल्यापासून केलं. भवानीबाई दुसऱ्या पोराला धूत होत्या. अन्विता भांड्यावर बसल्या बसल्या पुढे वाकली आणि तिनेही ओढून बघितलं. दोन पोरी, चार हात, आणि आजीची गाठ.

मग पोर ओली झाली. तिने फ्रॉक हळूच खाली सोडला, आणि तोंड भिंतीकडे केलं.

घरी कधी तिने तोंड भिंतीकडे केलं नव्हतं. घरी ओली झाली तरी ती हसायची. मालतीबाईंना रडू आलं, आणि ते शरतला दिसण्यासारखं मुळीच नव्हतं. स्वतःच्या हातांची त्यांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या तिथे फार थांबल्या नाहीत. रिक्षा केली आणि दुकानात गेल्या.

निवृत्तीराव कापड बेतत होते. बायको दिवसाउजेडी दुकानात आलेली बघून त्यांनी कात्री खाली ठेवली.

"इलॅस्टिक द्या," मालतीबाई म्हणाल्या.

"कोणाला?"

"घरी."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आप्पा असते तर..."

"आप्पा नाहीत." मालतीबाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या, आणि सगळं सांगितलं. सुरगाठ, निरगाठ, पाच दिवस, भिंतीकडे केलेलं तोंड. सांगून झाल्यावर निवृत्तीरावांनी इलॅस्टिकचं रीळ काढलं.

"किती?"

"सात."

"सतरा इंच पुरे होईल. कोपऱ्यात दुहेरी टीप घाल, पोरं ओढतात." त्यांनी सात तुकडे कापले, रबर लावून दिले, आणि म्हणाले, "मला सांगून काय होणार? भाग्याला सांग."

दुपारी पोर झोपली तेव्हा मालतीबाईंनी घरातल्या सात चड्ड्यांच्या नाड्या ओढून काढल्या. नेफ्याची शिवण उसवली, इलॅस्टिक घातलं, ताणून टीप मारली. सासऱ्यांच्या दंडकाविरुद्धची पहिली चड्डी शिवताना दोरा दोनदा तुटला. मग नाही तुटला. सहाला भाग्या आली तेव्हा टेबलावर तिच्या पत्राशेजारी सात चड्ड्या घडी करून ठेवलेल्या होत्या.

"हे काय?"

"पत्र फाड," मालतीबाई म्हणाल्या. "पोर तयार आहे. तिला नाडी सुटत होती. मीच सोमवारपासून निरगाठ मारत होते."

"घट्ट बसली असेल चुकून..."

"चुकून नाही. मुद्दाम. रुळू नये म्हणून."

भाग्या उभी होती ती खुर्चीवर बसली. बराच वेळ तिने एक चड्डी हातात धरून इलॅस्टिक ताणलं आणि सोडलं, ताणलं आणि सोडलं. "माझ्या पोरीला पाच दिवस मुद्दाम ओलं ठेवलंत?" ती म्हणाली. "मला वाटत होतं, माझ्या पोटातच काहीतरी कमी होतं. म्हणून ही अशी आहे."

मालतीबाई माझं चुकलं म्हणाल्या. सासूने सुनेला असं म्हणायची त्या घरातली ही पहिलीच वेळ असावी, पण भाग्याला त्याचं काही मोठं वाटलं नाही. "सोमवारपासून मी सोडते तिला," ती म्हणाली. "मी उशिराची बस पकडते. तुम्ही नको. आणायलाही शरत जाईल." पत्र तिने फाडलं नाही. घडी करून पर्समध्ये ठेवलं.

पुढचे दिवस मालतीबाईंना फार लांब गेले. भाग्याने मिसना काय सांगितलं कोण जाणे. एक आठवडा मुदत वाढवून मिळाली एवढं शरतकडून कळलं. भाग्या सकाळी स्वतः पोरीला तयार करायची, स्वतः चड्डी घालायची, तीही पोरीच्या हाती देऊन आणि नुसती बघत. घरात बोलणं होतं ते कामापुरतं. मीठ द्या. गॅस बंद करा. अत्ते हा शब्द तिने आठवडाभर तोंडात घेतला नाही. मालतीबाई ब्लाऊज शिवत, आणि माप घेताना आता गिऱ्हाइकांना काही सांगत नसत. फटीकडे त्या पुन्हा गेल्या नाहीत. पोरीचं तिथे काय चाललं आहे, हे या घरात फक्त त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तोंड नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी भाग्या स्वयंपाकघरात चित्रान्नाच्या भातासाठी भुईमुगाचे दाणे परतत होती. मालतीबाई मशिनवर. पुट्टी जमिनीवर बसून रिकाम्या रिळांची रांग लावत होती. लावता लावता ती थांबली, उभी राहिली, आणि एक पाय दुसऱ्यावर ठेवला.

मालतीबाई उठल्याच. सवय ती. दोन पावलं गेल्या, वाकल्या, हात पुढे केले.

पोरीने हात वर करून त्यांना थांबवलं. "मी," ती म्हणाली.

आणि एकटी न्हाणीकडे गेली. दार तिला ढकलायला जड होतं. खांदा लावून तिने ते ढकललं, आत गेली, आणि आतून लोटून घेतलं. मालतीबाई बाहेर उभ्या राहिल्या. दोन वर्षं सात महिन्यांत त्या आणि ती दाराच्या दोन बाजूंना कधी नव्हत्या. हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी ते पदराला पुसले. स्वयंपाकघरात दाणे परतायचा आवाज थांबला होता. भाग्या दारात येऊन उभी होती, हातात उलथनं.

आत बराच वेळ काही नाही. मग पाण्याचा मग खाली पडल्याचा आवाज. मालतीबाई पुढे झाल्या, मग थांबल्या, मग त्यांनी भाग्याकडे बघितलं.

मग आतून, मोठ्याने, त्या ओसरीवरच्या पोरांच्या सुरात, "आय्तुऽ!"

कोणी आलं नाही म्हणून क्षणभर शांतता. आणि मग, त्याहून मोठ्याने, "अज्जीऽ! अज्जी!"

मालतीबाई हलल्या नाहीत. त्यांना वाटलं आपल्याला हलताच येणार नाही.

"जा ना, अत्ते," भाग्या म्हणाली. "तुम्हाला बोलावतेय ती."